कॅमेऱ्याचा नेम

नव्या वर्षाच्या संकल्पांत व्यायाम आणि डायरी यांच्या जोडीला हल्ली आणखी एक संकल्प ऐकू येतो. वर्षभर रोज एक फोटो काढायचा. कोणी त्याला ‘प्रोजेक्ट ३६५’ म्हणतात, कोणी आठवड्याला एक असे ५२ फोटो ठरवतात, तर कोणी वर्षभर एकच लेन्स वापरायची असे ठरवतात. हेतू बहुतेकांचा सारखाच असतो. हातात बऱ्यापैकी कॅमेरा किंवा फोन आहे, सहलीत आणि लग्नकार्यात पुष्कळ फोटो काढून झाले आहेत, थोडेफार कौतुकही वाट्याला आले आहे. पण आपले फोटो एका जागी येऊन अडकले आहेत, सगळे एकमेकांसारखे दिसू लागले आहेत, ही जाणीव टोचत असते. त्यावर उपाय म्हणून सराव, आणि सराव टिकावा म्हणून रोजचा नेम. हा उपाय लागू पडतो, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो का लागू पडतो याचे जे कारण सांगितले जाते, ते मला पटत नाही. रोज काढले की संख्या वाढते आणि संख्या वाढली की हात बसतो, असा सर्वसाधारण समज आहे. छायाचित्रणात हात बसायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो काढलेल्यातला चांगला फोटो कोणता हे ओळखायला, आणि तो का चांगला आहे हे स्वतःला सांगता यायला. दीर्घकाळ चालवलेल्या नेमाची खरी कमाई म्हणजे ही निवडीची नजर. ती न कमावता ३६५ दिवस पुरे केले, तर हाती राहते ती रोजनिशी.

रोजनिशीला कमी लेखायचे कारण नाही. जेमी लिव्हिंग्स्टन या अमेरिकी तरुणाने ३१ मार्च १९७९ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात शिकत असताना, पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्याने एक फोटो काढला. काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात आले की आपण साधारण रोज एकच फोटो काढतो आहोत, आणि मग तोच नेम होऊन बसला. पोलरॉइडची चौकोनी प्रिंट कॅमेऱ्यातूनच बाहेर पडते आणि डोळ्यांदेखत उमटते. तिला निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. मित्र, जेवणे, रस्ते, कामाच्या जागा आणि अखेरीस रुग्णालय असे टिपत हा क्रम २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत चालला. मेंदूच्या कर्करोगाने त्याच दिवशी, आपल्या ४१व्या वाढदिवशी, लिव्हिंग्स्टन गेला. मागे ६,००० हून अधिक प्रिंट राहिल्या आणि २००७ मध्ये मित्रांनी त्या बार्ड कॉलेजातच प्रदर्शनात मांडल्या. नोआ कलिना हा दुसरा अमेरिकी छायाचित्रकार जानेवारी २००० पासून रोज स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो काढत आला आहे, तोही भावहीन चेहऱ्याने आणि त्याच मांडणीत. या दोन्ही कामांचे बळ सलगपणात आहे. एकेक फोटो सुटा काढून पाहिला तर तो साधाच वाटू शकतो, आणि त्यात काही बिघडत नाही, कारण त्यांना काळाची नोंद ठेवायची होती. ज्याला नोंद ठेवायची आहे त्याने असाच नेम घ्यावा. ज्याला आपले कसब वाढवायचे आहे त्याला मात्र वेगळ्या रचनेचा नेम लागतो. हे दोन हेतू एकमेकांत मिसळल्यामुळेच वर्षअखेरीस अनेकांच्या पदरी निराशा येते.

संख्येच्या बाजूने एक किस्सा नेहमी सांगितला जातो. फ्लोरिडा विद्यापीठात छायाचित्रण शिकवणारे जेरी युल्समन यांनी वर्गाचे दोन गट केले. एका गटाला गुण मिळणार होते फक्त संख्येवर, म्हणजे सत्रभरात १०० फोटो दिले तर वरची श्रेणी, ९० दिले तर त्याखालची. दुसऱ्या गटाने एकच फोटो द्यायचा होता, पण तो निर्दोष हवा होता. सत्राच्या शेवटी उत्तम फोटो निघाले ते संख्येच्या गटातून. डेव्हिड बेल्स आणि टेड ऑर्लंड यांच्या ‘आर्ट अँड फिअर’ या पुस्तकात हीच गोष्ट कुंभारकामाच्या वर्गाची म्हणून आली आणि त्याच रूपात जगभर पसरली. जेम्स क्लिअर यांच्या ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’मुळे तिचे मूळ छायाचित्रणातले रूप पुन्हा पुढे आले. हा एका वर्गातला अनुभव आहे, काटेकोर प्रयोग नव्हे, आणि त्याला तेवढेच वजन द्यावे. तरीही तो खरा मानून चालू. मग लक्षात घ्यायला हवे की तो फिल्मचा काळ होता. १०० फोटो देणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक फोटो अंधाऱ्या खोलीत स्वतः धुवावा लागे. रसायनाच्या ट्रेमध्ये कागदावर उमटणारी प्रतिमा तो मिनिटभर टक लावून पाही, गडद झाली तर पुन्हा छापे, कडा कापून पाही. म्हणजे त्या १०० फोटोंबरोबर १०० वेळा बारकाईने पाहणेही आपोआप घडत होते. आज फोनवर १०० फोटो पाच मिनिटांत निघतात आणि त्यांच्याकडे वळून पाहिलेही जात नाही. किस्सा तोच, पण त्यातला शिकवणारा भाग गळून गेला आहे.

मानसशास्त्रातला पुरावाही याच दिशेला बोट दाखवतो. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत सरस विद्यार्थ्यांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी १०,००० तासांच्या आसपास एकट्याचा सराव झालेला होता. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००८ मध्ये ‘आउटलायर्स’ या पुस्तकात त्या आकड्याचा नियम करून टाकला. एरिक्सन यांनी पुढे अनेकदा बजावले की आकड्याला महत्त्व नाही, सरावाच्या जातीला आहे. जिथे नेमके उद्दिष्ट असते, चूक लगेच कळते आणि ती दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न होतो, तोच सराव ते मोजत होते. २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकापैकी खेळातला, म्हणजे बुद्धिबळासारख्या खेळातला, सुमारे २६ टक्के, संगीतातला २१ टक्के आणि मैदानी क्रीडेतला १८ टक्के फरक सरावाने उलगडतो, असे त्यांना दिसले. व्यवसायांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरले. काम जितके ठरावीक साच्यातले, तितका सरावाचा परिणाम अधिक. छायाचित्रण साच्यातले काम नाही. रस्त्यावर पुढच्या क्षणी काय घडेल हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय व्हायोलिनचा सूर चुकला तर कानाला तत्क्षणी कळते, फोटो चुकला तर तो चुकला आहे हे कळण्याएवढी नजर आधी तयार असावी लागते. समाजमाध्यमांवरची पसंतीची खूण ही उणीव भरून काढत नाही. नातलगाचे बाळ आणि समुद्रावरचा सूर्यास्त यांना ती हमखास मिळते, आणि तिच्यावर विसंबून सराव केला तर माणूस हळूहळू तेवढेच काढू लागतो.

नुसत्या संख्येची मर्यादा समजून घ्यायला न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड यांच्याइतके बोलके उदाहरण सापडणार नाही. रस्त्यावरच्या छायाचित्रणातले ते विसाव्या शतकातले एक थोर नाव. १९८४ मध्ये ५६व्या वर्षी ते वारले तेव्हा मागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले होते. आणखी ६,५०० रोल धुतलेले, पण त्यांचे ठसेही कागदावर घेतलेले नव्हते, आणि साधारण ३,००० रोलांच्या केवळ कॉन्टॅक्ट शीट काढलेल्या होत्या, म्हणजे सगळ्या चौकटी एका कागदावर छोट्या आकारात छापलेल्या होत्या. एका रोलमध्ये ३६ चौकटी धरल्या तर हा आकडा काही लाखांत जातो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधले जॉन शारकोव्स्की हे त्यांचे जुने चाहते आणि पाठीराखे. त्यांनी १९८८ च्या प्रदर्शनासाठी या ढिगाऱ्यातून वाट काढली, तेव्हा शेवटच्या वर्षांतले काम घसरलेले आहे असाच निष्कर्ष त्यांना काढावा लागला. २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनाने या निकालाचा फेरविचार केला आणि उत्तरकाळातलेही काही फोटो मोलाचे ठरवले, हेही सांगायला हवे. पण ते मोल दुसऱ्यांनी, त्यांच्यामागे, निवड करून दाखवले. विनोग्रँड यांना स्वतःला पूर्वी निवडीचे महत्त्व पुरते ठाऊक होते. काढलेले रोल ते मुद्दाम वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ न धुता ठेवत. टिपताना मन आनंदात असेल तर फोटोही चांगला वाटतो, ती धुंदी उतरल्यावरच त्याच्याकडे परक्याच्या नजरेने पाहता येते, ही त्यामागची भूमिका. शेवटी काढण्याचा वेग पाहण्याच्या वेगाला कायमचा मागे टाकून गेला. एवढ्या मोठ्या कलावंताचेही असे होऊ शकते, तर रोजच्या संख्येचा धोशा लावलेल्या नवशिक्याचे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

त्यांच्याच पिढीच्या आगेमागे हॅरी कॅलहन होते. १९१२ मध्ये डेट्रॉइटला जन्म, छायाचित्रण स्वतःचे स्वतः शिकलेले, पुढे शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आणि नंतर ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिक्षक. जवळजवळ रोज सकाळी ते राहत्या शहरात पायी हिंडून फोटो काढत आणि दुपारी त्या दिवसातल्या चांगल्या निगेटिव्हच्या प्रिंट करून पाहत. विषय तेच ते होते. पत्नी एलिनॉर, शहरातले रस्ते आणि दर्शनी भिंती, बर्फातून वर आलेले गवत. १९९९ मध्ये ते गेले तेव्हा मागे सुमारे १,००,००० निगेटिव्ह आणि १०,००० हून अधिक चाचणी प्रिंट होत्या. आणि इतके करूनही वर्षाला मनाजोगत्या, अंतिम म्हणाव्यात अशा प्रतिमा सहाएकच निघतात, असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. या दिनक्रमाकडे नीट पाहिले तर सकाळ आणि दुपार असे त्याचे दोन भाग दिसतात. ‘प्रोजेक्ट ३६५’सारख्या दीर्घकालीन आव्हानांचे जे नियम प्रचलित आहेत, ते फक्त सकाळच्या भागाचे आहेत. दुपारच्या भागाचा उल्लेखही त्यांत नसतो. रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून सुमारे २८,००० चौकटी टिपल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ठेवले ८३ फोटो. ते पुस्तक घडले ते या दोन आकड्यांच्या मधल्या कामात.

निवड करता यावी तर निवडायच्या गोष्टींत काही सारखेपणा असावा लागतो. सोमवारी फूल, मंगळवारी मांजर, बुधवारी पूल असे सात दिवसांचे सात फोटो समोर ठेवले तर त्यांची तुलना करायची कशाच्या आधारे? म्हणून नेमाला मर्यादेची जोड लागते. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे ढग हे याचे अभिजात उदाहरण. स्टिग्लिट्झ यांच्या फोटोंचा प्रभाव त्यांच्या समोर बसणाऱ्या माणसांवर ते जी मोहिनी घालतात तिच्यातून येतो, अशा अर्थाचे वाल्डो फ्रँक या लेखकाने लिहिले होते. त्याला उत्तर म्हणून १९२२ मध्ये, ५८ वर्षांच्या स्टिग्लिट्झ यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जच्या आपल्या घराजवळ कॅमेरा आकाशाकडे वळवला. ढगांवर कोणी मोहिनी घालू शकत नाही, आणि ते सगळ्यांना फुकट उपलब्ध आहेत. ४० वर्षांत आपण छायाचित्रणाबद्दल काय शिकलो ते त्यांना यातून तपासायचे होते. पुढे दहाएक वर्षांत ढगांच्या २०० हून अधिक प्रिंट झाल्या, बहुतेक तळहाताएवढ्या. ‘इक्विव्हॅलंट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मालिकेत क्षितिज बहुधा नाही, झाड नाही, घर नाही. ज्याच्या आधारे चौकट सहज जमून जाते ते सगळे काढून टाकल्यावर उरले उजेड, गडदपणा आणि कडा. एडवर्ड वेस्टन यांनी १९३० च्या ऑगस्टमध्ये ढोबळी मिरचीचे किमान ३० निगेटिव्ह केले. ‘पेपर नंबर ३०’ म्हणून जगप्रसिद्ध झालेला फोटो त्यांतलाच, आणि त्यात मिरची पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्यात ठेवलेली आहे. आतल्या चकचकीत पृष्ठभागामुळे उजेड चहूबाजूंनी परतून येतो आणि मिरचीच्या वळणांना शरीरासारखी गोलाई येते. पहिल्याच दिवशी नरसाळे सुचत नाही. नुसत्या मिरचीचे सगळे सरळसोट फोटो संपल्यावर ते सुचते.

कंटाळा येतो, या पहिल्या आक्षेपाचे उत्तर यातच आहे. रोजच्या नेमाची थट्टा करणारे रात्री अकराला घाईघाईने काढलेल्या चहाच्या कपाच्या फोटोकडे बोट दाखवतात, आणि त्यांचे निरीक्षण खरे आहे. नियम ‘काहीही चालेल’ असा असेल तर थकलेला माणूस जवळचा कपच उचलणार. पण मर्यादित विषयात येणारा कंटाळा निराळा असतो. पहिल्या आठवड्यात आपण त्या विषयाची दुसऱ्यांनी काढलेली चित्रे पुन्हा काढतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती संपतात, आणि खरा कंटाळा सुरू होतो तो तिथे. बहुतेक लोक याच टप्प्यावर सोडून देतात. ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण ज्या कामासाठी नेम धरला त्याचा आरंभच या टप्प्यापासून असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागातील जंगलात राहणारे निसर्ग-छायाचित्रकार जिम ब्रँडनबर्ग यांनी १९९४ मध्ये शरद संपातापासून हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापर्यंत ९० दिवसांचा नेम धरला. दिवसाला एकदाच शटर दाबायचे, दुसरी चौकट नाही. कॅमेरा फिल्मचा, म्हणजे काय मिळाले हे तेव्हा पाहण्याची सोय नाही. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने १९९७ मध्ये ही मालिका छापली. एकच संधी आहे म्हटल्यावर निवड शटर दाबण्याच्या आधी होऊ लागते. हे हरीण की पुढे कदाचित भेटणारा लांडगा, हा उजेड की तासाभराने येणारा, असा विचार करत सगळा दिवस पाहण्यात जातो. नवशिक्याने इतका कडक नियम पहिल्याच झटक्यात घेऊ नये. पण आठवड्यातून एक दिवस ‘एकच चौकट’ पाळला तरी आपण एरवी किती बेफिकिरीने बटण दाबतो हे कळून येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सतत कॅमेरा डोळ्याला लावणारा माणूस प्रत्यक्ष काही पाहतच नाही, असे अनेक सुज्ञ लोक म्हणतात. त्याला पुरावाही आहे. फेअरफील्ड विद्यापीठातल्या लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात फिरणाऱ्या लोकांवर प्रयोग केले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या वस्तू आणि त्यांचे तपशील लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवले. लक्षात ठेवण्याचे काम जणू कॅमेऱ्यावर सोपवले गेले. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून ज्यांनी फोटो काढला, त्यांच्या स्मरणात अशी घट दिसली नाही. इतकेच काय, चौकटीत न आलेला भागही त्यांना आठवत होता. अलिक्सांड्रा बॅरॅश आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासातही, काय टिपायचे हे स्वतः ठरवून फोटो काढणाऱ्यांना दृश्य तपशील अधिक आणि कानावर पडलेले कमी आठवले. म्हणजे कॅमेरा लक्ष हिरावूनच घेतो असे नाही. ते एका बाजूला वळवतो, आणि कुठे वळवायचे याचा निर्णय आपण केला आहे की नाही यावर सगळे अवलंबून असते. मैफलीत कॅमेरा बाजूला ठेवावा, हे यावरून मला रास्त वाटते. पण नेमाविरुद्धचा युक्तिवाद म्हणून हा पुरावा टिकत नाही. नेमके काय पाहायचे हे ठरवून काढलेला फोटो पाहणे वाढवतो, आणि नेमाने शिकायचे असते ते हेच.

फोनच सगळे करतो, मग शिकायचे काय उरले, असेही विचारले जाते. फोनचा कॅमेरा एका दाबात अनेक चौकटी घेऊन त्या जोडतो, सावलीतला तपशील वर काढतो, आकाश फटफटीत होऊ देत नाही. एक्स्पोजरचे गणित त्याने खरोखर सोपे केले आहे. पण उभे कुठे राहायचे, किती जवळ जायचे, मागचा विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो तो कसा टाळायचा आणि कोणत्या क्षणी दाबायचे, हे त्याला ठरवता येत नाही. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरची. त्यामुळे चौकटीत पसारा फार येतो आणि कडेचे चेहरे ताणलेले दिसतात. वर्षभर झूम न करता एवढी एकच लेन्स वापरली तर पाय चालवावे लागतात, आणि दोन पावले पुढे गेल्याने पुढच्या-मागच्या वस्तूंचे नाते कसे बदलते हे अंगवळणी पडते. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी ५० मिलिमीटरची साधी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स हेच काम करते. नवी उपकरणे घेण्यासाठी नेम हे निमित्त होऊ नये. वर्षभर काहीही विकत घ्यायचे नाही, ही मर्यादा इतर कोणत्याही मर्यादेइतकीच उपयोगी आहे.

राहता राहिला खंडाचा प्रश्न. एखादा दिवस चुकला की साखळी तुटली, आता अर्थ नाही, असे म्हणून सोडून देणारे पुष्कळ. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी ८४ दिवस एकेक नवी सवय लावून पाहिली. सवय अंगी मुरायला लागणारा काळ माणसागणिक आणि सवयीगणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असेल असा हिशेब निघाला, मध्यक ६६ दिवस. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. तेव्हा अखंडतेचा बाऊ करू नये. माझ्या मते रोजचा फोटो एखाद्या दिवशी बुडाला तर चालेल, आठवड्याची निवड बुडता कामा नये. शिवाय ३६५ या आकड्यात काही जादू नाही. निकोलस निक्सन यांनी पत्नी बेबी आणि तिच्या तीन बहिणींचा १९७५ पासून वर्षाला एक फोटो प्रसिद्ध केला, दरवेळी चौघी त्याच क्रमाने उभ्या. ८ बाय १० इंची निगेटिव्हच्या कॅमेऱ्याने काढलेली ती मालिका २०२२ पर्यंत चालली.

आपल्याकडे मुदतीचा शोध घ्यायला दूर जायला नको. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास हा नेम धरण्याचाच काळ आहे, आणि उजेड शिकायला महाराष्ट्रात याहून चांगले चार महिने नाहीत. मुंबईच्या अक्षांशावर जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. तो एरवी डोळ्यांखाली काळ्या खळग्यांसारख्या सावल्या पाडतो, पण त्या दिवसांत ढगांची जाड चादर तो उजेड गाळून खाली सोडते आणि चेहऱ्यावर सावलीच पडत नाही. श्रावणात ऊन-पाऊस मिनिटामिनिटाला बदलतो. आश्विनात हवा धुऊन निघालेली, ऊन करकरीत, सावलीच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. कार्तिकात दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात. एकच विषय, मग तो एसटी स्टँड असो, आठवडी बाजार असो की घरासमोरचे पिंपळाचे झाड, या चारही उजेडांत पाहिला तर उजेड म्हणजे काय हे पुस्तकाविना कळते.

त्यापुढची पायरी माणसांची आहे, आणि तिथे नेमाला जबाबदारी चिकटते. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे टिपले, संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशाचे फड यांच्यावर दीर्घ काम केले. ओझरत्या भेटीत मिळणारे फोटो आणि त्यांचे फोटो यांत फरक आहे तो परत परत जाण्याचा. पहिल्या दिवशी लोक कॅमेऱ्यासाठी उभे राहतात. कितव्यांदा तरी गेल्यावर ते आपल्या कामाला लागतात. त्यासाठी आधी विचारणे, नको म्हटले तर कॅमेरा खाली ठेवणे, लहान मुलांच्या बाबतीत घरच्यांची परवानगी घेणे आणि पुढच्या खेपेला एक प्रिंट हातात देणे, एवढे पथ्य पाळायलाच हवे. आव्हान आपले असते, त्याचा भार समोरच्याने उचलायचा नसतो.

चातुर्मासाचे साधारण १२० दिवस धरले तर आठवड्याचा दुपारचा भाग, कॅलहन यांच्या अर्थाने, १७ वेळा येतो. दर रविवारी तासभर बसून आठवड्याचे फोटो मोठ्या पडद्यावर पाहावेत, त्यातला एक ठेवावा आणि तो का ठेवला हे वहीत दोन ओळींत लिहावे. ‘छान आहे’ हे कारण धरू नये. उजेड कोणत्या बाजूने आला, कडेला काय कापले गेले, नजर आधी कुठे जाते, असे काही लिहिता आले पाहिजे. निवडलेल्यांच्या चार बाय सहाच्या प्रिंट कोणत्याही फोटो स्टुडिओत थोड्या रुपयांत होतात, आणि त्या जमिनीवर मांडल्या की पडद्यावर न दिसलेले सारखेपण लगेच दिसते. अर्धे फोटो उभ्या उंचीवरूनच काढलेत, सगळ्यांचा विषय मधोमध आहे, असे काही. पुढच्या आठवड्याची मर्यादा तिथून ठरवावी. कार्तिकी एकादशीला त्या १७ मधून सहा निवडावेत. वगळलेले फोटो मात्र पुसू नयेत. ते तसेच ठेवून पुढच्या आषाढात पहिली यादी न पाहता पुन्हा निवड करावी. दुसऱ्या खेपेला ज्या दोन-तीन फोटोंची अदलाबदल होईल, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की मधल्या काळात नजर किती आणि कोणत्या दिशेला सरकली ते नेमके सांगता येते.